राहून गेलेले आकाश

20 मे 2025 रोजी जयंत नारळीकर गेले. त्या दिवशी माझ्या फेसबुकच्या भिंतीवर चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांच्या जवळपास एकाच आशयाच्या पोस्ट दिसत राहिल्या. शाळेत असताना त्यांच्या विज्ञानकथा वाचल्या, आपणही खगोलशास्त्रज्ञ व्हायचे असे मनाशी ठरवले, आणि मग ते राहून गेले. लिहिणाऱ्यांत बँकेतले होते, सॉफ्टवेअरमधले होते, दुकान सांभाळणारे होते, घर सांभाळणाऱ्या होत्या. मीही त्यांच्यातलीच आहे. प्रत्येक पोस्ट त्या हळहळीपाशी येऊन थांबत होती आणि ते थांबणे मला मनापासून खटकले. तेव्हापासून मनात असलेले म्हणणे आज सविस्तर मांडते आहे.

पंधराव्या-सोळाव्या वर्षी आपण जे स्वप्न पाहतो त्यात दोन वेगळ्या इच्छा एकमेकींत मिसळलेल्या असतात. एक इच्छा कोणीतरी होण्याची असते. तिच्यात नावापुढची पदवी, नामांकित संस्थेतली खुर्ची आणि लोकांच्या नजरेतला मान येतो. दुसरी इच्छा एखादे काम स्वतःच्या हाताने करत राहण्याची असते. त्या वयात या दोन्ही वेगळ्या करता येत नाहीत आणि करायची गरजही नसते. पंचेचाळिशीत मात्र त्या वेगळ्या कराव्याच लागतात, कारण पहिलीला वयाची, प्रवेशपरीक्षांची आणि पैशाची अट आहे, तर दुसरीला यातली एकही अट नाही. आपण पहिलीसाठी हळहळतो आणि त्या हळहळीत दुसरीलाही मूठमाती देतो, हे माझ्या मते मध्यमवयातले सर्वांत अनावश्यक नुकसान आहे.

माझे आकाशाचे वेड 24 ऑक्टोबर 1995 च्या सूर्यग्रहणापासूनचे. ऐन दिवाळीत आलेले ते ग्रहण राजस्थानातल्या नीम का थाना येथून खग्रास दिसले. आमच्या ठाण्यातून ते खंडग्रास होते. पुढे 1997 साली दहावीची परीक्षा संपल्यावर, हेल-बॉप धूमकेतू संध्याकाळी वायव्येला, येऊरच्या डोंगराच्या बाजूला नुसत्या डोळ्यांनी दिसत असे, आणि आमच्या नौपाड्यातल्या इमारतीची गच्ची ही त्या उन्हाळ्यातली माझी हक्काची जागा झाली. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून खगोलशास्त्रावरची जी पुस्तके मिळाली ती वाचली, वहीत नकाशे उतरवून घेतले. कर्जत मार्गावरच्या वांगणीला रात्रभराचे आकाशदर्शन असते हे कळल्यावर घरी विचारले, तेव्हा मुलीने रात्री घराबाहेर राहायचे नाही असे उत्तर मिळाले. नंतर कॉमर्स घेतले, कारण घरात मिळवते एकच होते आणि नोकरी लवकर लागणे गरजेचे होते. तो निर्णय त्या परिस्थितीत योग्यच होता. त्याबद्दल माझ्या मनात कोणाविषयीही राग नाही.

या विषयाचा विचार करताना मला सर्वांत जवळचे वाटणारे नाव राधागोविंद चंद्र यांचे आहे. 1878 साली जन्मलेले हे गृहस्थ आजच्या बांगलादेशातल्या जेसोरचे. शाळकरी वयात पाठ्यपुस्तकातल्या विश्वाच्या अफाटपणावरच्या एका निबंधाने त्यांना आकाशाकडे ओढले, परंतु प्रवेशपरीक्षेत ते पुन्हा पुन्हा अनुत्तीर्ण झाले आणि सरकारी खजिन्यातली साधी नोकरी त्यांनी पत्करली. 1910 साली हॅलेचा धूमकेतू आला, त्यानंतर त्यांनी पदराला खार लावून तीन इंचांची दुर्बीण घेतली. 1918 साली गरुड तारकासमूहात उजळलेला नवतारा, म्हणजे अचानक तेजस्वी झालेला तारा, त्यांनी स्वतंत्रपणे टिपला, आणि त्यानंतर, म्हणजे चाळिशी ओलांडल्यावर, 1911 साली स्थापन झालेल्या अमेरिकेतल्या ‘आव्सो’ या रूपविकारी तारे निरीक्षकांच्या संघटनेकडे ते आपल्या नोंदी पाठवू लागले. रूपविकारी तारा म्हणजे ज्याची तेजस्विता काळानुसार कमी-जास्त होते असा तारा. तो आज शेजारच्या कोणत्या ताऱ्याहून उजळ आणि कोणत्याहून मंद दिसतो एवढीच नोंद निरीक्षकाने करायची असते, पण ती वर्षानुवर्षे करायची असते. चंद्र यांनी 1954 पर्यंत अशा 37,000 हून अधिक नोंदी केल्या. त्यांचे काम पाहून त्या संघटनेने 1926 साली त्यांना सहा इंचांची दुर्बीण पाठवली, जी पुढे खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पू यांच्याकडे आणि तिथून तमिळनाडूतल्या कवलूरच्या वेधशाळेत गेली. चंद्र यांना कोणतेही पद मिळाले नाही. मात्र लहानपणी जे करावेसे वाटले होते ते त्यांनी आयुष्यभर केले आणि त्यांच्या नोंदी खऱ्या शास्त्राच्या उपयोगी पडल्या.

त्यांच्यासारखे इतरही आहेत. विल्यम हर्षेल पेशाने संगीतकार होते आणि पस्तिशीच्या आसपास दुर्बिणीचे आरसे घासायला बसले. 1781 साली त्यांना युरेनस सापडला तेव्हा ते बेचाळीस वर्षांचे होते. ऑस्ट्रेलियातले रॉबर्ट इव्हान्स हे चर्चमधले धर्मोपदेशक. त्यांनी चाळिशीनंतर, शेकडो दीर्घिकांचे रूप पाठ करून, नुसते दुर्बिणीतून पाहून 40 हून अधिक अतिनवतारे, म्हणजे स्फोट होऊन प्रचंड उजळलेले तारे, शोधले.

आता वयाबद्दल. अंधारात किशोरवयीन डोळ्याची बाहुली साधारण सात मिलिमीटरपर्यंत उघडते. पन्नाशीच्या सुमारास ती बहुतेकांची पाच मिलिमीटरच्या आसपास येते. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर डोळ्यात शिरणारा प्रकाश जवळपास निम्मा होतो. म्हणजे सोळाव्या वर्षी मी जे आकाश पाहिले ते तसेच मला पुन्हा दिसणार नाही, आणि हे मान्य करूनच सुरुवात करायला हवी. यातून एक व्यावहारिक गोष्टही निघते. बायनॉक्युलर घेताना 7×50 ऐवजी 10×50 घ्यावा. यातला पहिला आकडा किती पट मोठे दिसते तो, आणि दुसरा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी मिळते, आणि पन्नासला दहाने भागले की पाच येतात. तेवढ्या रुंदीचा प्रकाश आपल्या वयाच्या डोळ्यात पुरता मावतो, 7×50 मधला मावत नाही. स्वप्नाचे नूतनीकरण म्हणजे काय, असे मला कोणी विचारले तर मी हेच उदाहरण देईन. जुनी इच्छा आहे तशी पुढे रेटायची नसते, ती आजच्या शरीराच्या मापाने पुन्हा शिवून घ्यावी लागते. शिवाय या वयात काही गोष्टी जमेलाही असतात. लेखापालाच्या नोकरीने मला रोजच्या रोज नोंद करण्याची, तारीख आणि वेळ अचूक लिहिण्याची आणि आपल्याला हवा तो आकडा न लिहिता दिसतो तोच लिहिण्याची सवय लावली. पंधराव्या वर्षी माझ्याकडे उत्कटता भरपूर होती, परंतु ही सवय नव्हती, आणि ताऱ्यांच्या निरीक्षणाला हीच सवय अधिक लागते.

ठाण्यातून आकाश दिसतेच कुठे, हा आक्षेप मी नेहमी ऐकते. घोडबंदर रस्त्यावरचे मनोरे, महामार्गावरचे दिवे आणि खाडीवरून येणारा दमट थर यांमुळे आकाशगंगा शहरातून दिसत नाही, हे खरेच आहे, आणि पावसाळ्याचे चार महिने तर हातचे जातातच. तरीही तेजस्वी रूपविकारी तारे गच्चीतून व्यवस्थित पाहता येतात. मृग नक्षत्रातला लालसर काक्षी, म्हणजेच बेटेलज्यूस, 2019 च्या अखेरीस मंद होत गेला आणि एरवी 0.5 प्रतीच्या (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचे माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद) आसपास असणारा हा तारा फेब्रुवारी 2020 मध्ये 1.6 प्रतीपर्यंत उतरला. ताऱ्याने बाहेर फेकलेल्या द्रव्यापासून धूळ तयार होऊन ती आड आली, असे नंतरच्या संशोधनातून पुढे आले. हा फरक ठाण्यातून, ऐरोलीतून, खारघरमधून नुसत्या डोळ्यांना दिसत होता. मी तो रोहिणी आणि पुनर्वसू यांच्याशी ताडून पाहिला. माझ्या वहीतल्या नियमित नोंदी त्या हिवाळ्यापासून सुरू होतात.

स्त्रियांविषयी वेगळे लिहायलाच हवे. आमच्या पिढीतल्या पुष्कळ मुलींची स्वप्ने गुणांअभावी गेली नाहीत, ती रात्रीच्या वेळेअभावी आणि परवानगीअभावी गेली. आज मुले मोठी झालेली असतात, हातात स्वतःचा पगार असतो आणि रात्री दहा वाजता गच्चीवर किंवा शनिवारच्या लोकलने वांगणीला जाताना कोणाला विचारावे लागत नाही. तारुण्यात जे नाकारले गेले ते या वयात खरोखर हाती येते, आणि तरीही कित्येक जणी ‘आता काय करायचे’ म्हणून ते नाकारतात, तेव्हा मला फार वाईट वाटते.

दोन गोष्टींना माझा स्पष्ट विरोध आहे. पहिली म्हणजे आपले राहून गेलेले स्वप्न मुलांच्या अंगावर टाकणे. ज्याला आकाशाची ओढ नाही त्या मुलाला ऑलिंपियाडच्या क्लासला घालून आपले आकाश परत मिळत नाही, आणि त्याचे स्वतःचे काही असेल तर तेही हरवते. दुसरी म्हणजे स्वप्नाच्या नावाखाली केलेली खरेदी. मोठी दुर्बीण येते, पहिल्या आठवड्यात तिची छायाचित्रे येतात, आणि मग ती पलंगाखाली जाते. जे काम पुन्हा हाती घ्यायचे त्याला आठवड्यातले ठरलेले तास, एक वही आणि आपल्या नोंदी तपासणारे कोणीतरी हवे. त्याला नुसता विरंगुळा मानले तर ते पहिल्याच व्यग्र महिन्यात सुटते. हे गाणे, चित्रकला, नाटक, भाषा अशा सगळ्यांनाच लागू आहे, परंतु मी ज्या गोष्टीत रोज आहे तिच्याबद्दलच खात्रीने लिहू शकते.

ज्यांना आकाशापासूनच सुरुवात करायची आहे त्यांनी नोव्हेंबरात ययाती तारकासमूहातल्या अल्गॉलपासून करावी. एका ताऱ्यासारखा दिसणारा अल्गॉल प्रत्यक्षात एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांचा आहे. दर 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी त्याच्या तेजस्वी घटकाला मंद जोडीदार झाकतो आणि काही तासांत अल्गॉल 2.1 वरून 3.4 प्रतीपर्यंत उतरून पुन्हा वर येतो. 1783 साली या नियमिततेचे हे स्पष्टीकरण सुचवणारा जॉन गुडरिक तेव्हा अवघा अठरा वर्षांचा होता आणि त्याला ऐकू येत नव्हते. ठाणे, कळवा, ऐरोली परिसरातल्या ज्यांना या हिवाळ्यात माझ्याबरोबर नोंदी करायच्या असतील त्यांनी मला जरूर कळवावे. दुर्बीण नसली तरी चालेल. अल्गॉलच्या अशा ग्रहणाच्या रात्री तासा-तासाने गच्चीवर जायची तयारी, वही आणि पेन्सिल एवढे पुरेसे आहे. शेजारच्या ताऱ्यांच्या प्रती लिहिलेला नकाशा मी देईन.