सहा ओळी, चहाटळ गप्पा आणि ‘बनगरवाडी’ : ‘जुना वाचक’ यांना उत्तर

नमस्कार.

वाचनाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुस्तक कसं सुचवावं, या माझ्या लेखावर तुम्ही ‘जुना वाचक’ या नावानं लांबलचक आणि चांगलीच खरमरीत प्रतिक्रिया दिलीत. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी तिचा गोषवारा असा : मी वाचनगटाची शाळा करून टाकली. पुस्तक सुचवायचं तर सहा ओळींचा साचा (नाव-लेखक-आवृत्ती, कशाबद्दल, कोणासाठी, कोणाला जमणार नाही, कुठे मिळेल, स्वतः वाचलंय का), गप्पांसाठी वेगळा ग्रुप, पीडीएफला बंदी. तुमच्या मते गप्पांच्या ओघात सुचलेलं पुस्तकच खरं. अर्ज भरून कोणी मैत्री करत नाही. आणि ज्या तालुक्याच्या गावात पुस्तकांचं दुकानच नाही तिथल्या माणसानं पीडीएफ नाही तर काय वाचायचं? शेवटी आव्हानही दिलंत : ‘तुमच्या सहा ओळींत “बनगरवाडी” बसवून दाखवा.’

एका मुद्द्यावर तुमचं बरोबर आहे. एकावर निम्मं बरोबर आहे. साच्यावरून मात्र मी हटणार नाही.

आधी चूक कबूल करतो. गप्पांसाठी वेगळा ग्रुप काढा, हा सल्ला मागे घेतला. कागदावर तो नीटनेटका दिसतो, पण त्यातून काय होतं ते पाहा. ज्यांना बोलायला आवडतं ते सगळे गप्पांच्या ग्रुपवर जातात. शिफारशींचा ग्रुप सोसायटीच्या फलकासारखा होतो : सूचना लागतात, कोणी थांबून वाचत नाही. पुस्तक सुचवणाऱ्याला एक अंगठा मिळतो, दुसऱ्यांदा तोही मिळत नाही, मग तो सुचवणं सोडतो. तिकडे गप्पांच्या ग्रुपवर पुस्तकांची नावं येतच असतात, फक्त ती टिपून ठेवणारं कोणी नसतं. म्हणजे ग्रुप दोन आणि दोन्ही अर्धे. ग्रुप एकच ठेवावा, हे तुमचं म्हणणं मान्य.

पण एकाच ग्रुपवर सगळं ठेवलं की नावं हरवतात, आणि ती का हरवतात याची कारणं अगदी साधी आहेत. पहिलं, लोक मुखपृष्ठाचा फोटो टाकतात आणि खाली लिहितात ‘अप्रतिम!’ फोटोवरचं नाव व्हॉट्सॲपच्या शोधात सापडत नाही. दुसरं, एकच पुस्तक कोणी ‘रणांगण’ असं लिहितो, कोणी तेच नाव इंग्रजी अक्षरांत, कोणी नुसतं ‘बेडेकरांचं ते’. तीन महिन्यांनी शोधणाऱ्याला यातलं एकच सापडतं, बहुधा नको असलेलं. तिसरं, नव्यानं आलेल्या सभासदाला व्हॉट्सॲपवर मागचं सगळं आपोआप दिसत नाही, म्हणून तो पहिल्याच दिवशी विचारतो, ‘काही चांगलं सुचवा.’ आणि ग्रुप तीच दहा नावं पुन्हा सांगतो.

उपाय छोटा आहे. शिफारशीच्या सुरुवातीला एक असा शब्द टाकायचा जो गप्पांत सहसा येत नाही. ‘शिफारस’ नको, तो रोज येतो. ‘पानखूण’ चालेल. ‘पानखूण’ शोधलं की सगळ्या शिफारशी एकाखाली एक. पुस्तकाचं नाव देवनागरीत, शक्य तर रोमन अक्षरांतही. गप्पांत ओघानं आलेलं नाव सांगणाऱ्यानं स्वतः पुन्हा लिहायची गरज नाही. ते काम टिपणाऱ्याचं. ग्रुपमधल्या एकानं रविवारी रात्री आठवड्याचे मेसेज वर सरकवत जाऊन सगळी नावं एका मेसेजमध्ये उतरवायची आणि तो सात दिवसांसाठी पिन करायचा. पिनला चोवीस तास, सात दिवस किंवा तीस दिवस असे पर्याय आहेत आणि एका वेळी तीनच मेसेज पिन होतात, म्हणून जुना काढून नवा लावायचा. काम वीस-पंचवीस मिनिटांचं. दर महिन्याला माणूस बदलावा, नाहीतर टिपणारा कंटाळतो. कधी कधी त्याच्या आवडीचीच पुस्तकं यादीत वाढत जातात, हा दुसरा धोका.

आता साचा. ‘अर्ज’ हा तुमचा शब्द चपखल आहे, झोंबलाही. पण अर्ज कोणासाठी भरतो आपण? पलीकडे बसलेल्यासाठी. शिफारस ग्रुपवर टाकली तरी ती ग्रुप वाचत नाही. एखादा माणूस ती वाचून तीन-चारशे रुपये आणि आठ संध्याकाळी खर्च करतो. त्याला ‘नक्की वाचा, डोळ्यांत पाणी आलं’ यातून काय कळतं? सुचवणाऱ्याच्या डोळ्यांबद्दल कळतं.

‘रणांगण’चंच उदाहरण घ्या. विश्राम बेडेकरांची ही १९३९ सालची छोटी कादंबरी. ‘बोटीवरची प्रेमकथा, सुंदर’ एवढंच लिहिलंत तर गोड प्रेमकथा शोधणारा तीस पानांत वैतागेल आणि जो महायुद्धाच्या तोंडावरचा युरोप मराठीत शोधत होता त्याच्यापर्यंत ती पोचणारच नाही. तेच ‘युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, तिच्यावर जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू, हेर्टा आणि चक्रधर, प्रेम आहे पण दिलासा नाही’ असं लिहिलं तर दोघांचंही भलं होतं. शब्द फार वाढले नाहीत, फक्त ते वाचणाऱ्याकडे तोंड करून लिहिले.

सहा ओळींतली सगळ्यांत दुर्लक्षित ओळ म्हणजे ‘कोणाला जमणार नाही’. लोकांना ती पुस्तकाची निंदा वाटते. तसं नाही. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मधले संवाद वऱ्हाडीत आहेत. पुण्या-मुंबईच्या वाचकाला पहिली वीस-पंचवीस पानं अडखळायला होतं. हे आधी सांगितलं तर तो मनाची तयारी करून बसतो आणि कौतिकच्या संसारात शिरतो. सांगितलं नाही तर दहाव्या पानावर पुस्तक मिटतो आणि पुढच्या वेळी तुमच्या शिफारशीकडे बघतही नाही. मुलाचा मृत्यू, आत्महत्या, आजारपण असे विषय असतील तर तेही याच ओळीत. ग्रुपवर कोण कशातून जातंय हे आपल्याला ठाऊक नसतं.

आवृत्तीची ओळ अनेकांना भोचक वाटते. पण लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ संपूर्ण मिळतात तशी संक्षिप्तही मिळतात. ग्रुपनं एकत्र वाचायला घेतलं आणि निम्म्यांकडे एक, निम्म्यांकडे दुसरी असेल तर चर्चेत ‘तो प्रसंग आहेच कुठे?’ यावरच संध्याकाळ जाते. अनुवादित पुस्तकाचं तर अनुवादकाच्या नावाशिवाय काहीच खरं नाही. मागच्या कव्हरवर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, असेल तर तो टाकावा, दुकानदाराचं काम सोपं होतं. २००७ पासूनच्या पुस्तकांवर तो तेरा आकडी, त्याआधीच्यांवर दहा आकडी आणि खूप जुन्या मराठी पुस्तकांवर नाहीच. पानाचा दाखला देताना नुसता पृष्ठांक नको, प्रकरणही सांगा; आवृत्ती बदलली की पानं सरकतात.

आणि सहावी ओळ : पूर्ण वाचलंय, अर्धं वाचलंय की नुसतं ऐकलंय. अर्धं वाचून सुचवण्यात काही गैर नाही, लपवण्यात आहे.

गप्पांबद्दल तुम्ही लिहिलंत त्यात एक गोष्ट जोडतो. गप्पा नियमांनी मरतात असं तुम्ही म्हणता. मला वाटतं, त्या बहुतेक वेळा एका ठरावीक उत्तरानं मरतात. कोणी लिहितो, ‘कोसला झेपली नाही.’ लगेच उत्तर येतं, ‘पुन्हा वाचा, तुम्हाला कळली नाही.’ संपलं. तो माणूस पुन्हा काही न आवडल्याचं सांगणार नाही आणि ज्या ग्रुपवर सगळ्यांना सगळंच आवडतं तिथली शिफारस कवडीमोल. त्याऐवजी ‘कुठपर्यंत गेलात? पांडुरंग सांगवीकरच नकोसा झाला की भाषा?’ असं विचारलं की बोलणं सुरू होतं. ‘पुस्तक कसं वाटलं?’ या प्रश्नाला ‘छान’ एवढंच उत्तर येतं. ‘सगळ्यांत जास्त राग कोणाचा आला?’ याला चाळीस मेसेज येतात, त्यातले पाच भांडणाचे. येऊ द्यावेत.

शेवट फोडण्याचं काय करायचं तेही तुम्ही विचारलंत. टेलिग्रामवर मजकूर झाकून ठेवायची सोय आहे; वाचणाऱ्यानं टिचकी मारली तरच दिसतो. व्हॉट्सॲपवर पहिल्या ओळीत फक्त ‘शेवट फोडतोय : अमुक पुस्तक’ लिहून खाली दहा-बारा ओळींवर एकेक टिंब द्यायचं, मग मजकूर. नोटिफिकेशनमध्ये मेसेजची सुरुवात दिसते, म्हणून इशारा सगळ्यांत वरच हवा. ‘अरे, तो मरतो ना!’ असं उत्स्फूर्त लिहिणाऱ्यांवर माझ्याकडे इलाज नाही.

सगळ्यांनी मिळून वाचायचं पुस्तक निवडताना पोलमध्ये बारा पर्याय टाकता येतात म्हणून बारा टाकू नयेत. वीस जणांची मतं बारा ठिकाणी विखुरली की चार मतांवर पुस्तक जिंकतं आणि सोळा जण हिरमुसतात. तीन-चार पर्याय पुरेत. एकाहून अधिक उत्तरं देण्याची मुभा चालू ठेवावी आणि प्रश्न ‘कोणतं आवडेल?’ असा नको, ‘यातलं कोणकोणतं या महिन्यात मिळवून वाचू शकाल?’ असा हवा. पाचशे पानांची कादंबरी महिन्यात म्हणजे रोज सतरा पानं. पाच दिवस चुकले तर रोज वीस. लग्नसराईत हे होत नाही. छोट्या पुस्तकांचा आग्रह मी म्हणून धरला होता, वाचकांची कुवत काढण्यासाठी नव्हे. चर्चेची वेळ ठरवताना परदेशातले सभासद विसरू नयेत : भारतात रात्री साडेनऊ म्हणजे उन्हाळ्यात लंडनला संध्याकाळचे पाच, न्यू जर्सीत दुपारचे बारा, हिवाळ्यात दोन्हीकडे तासभर आधी.

आता पीडीएफ, जिथे तुमचं निम्मं बरोबर आहे. दुकान नाही ही अडचण खरी आहे आणि ‘विकत घ्या’ एवढं सांगून हात झटकणं शहरी शहाणपण झालं. पण सरसकट ‘पीडीएफ वाईट’ असं मी म्हटलं नव्हतं. निदान म्हणायला नको होतं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतात. १९६० साली गेलेल्या लेखकाचं लेखन १ जानेवारी २०२१ला मोकळं झालं. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं १ जानेवारी २०११ला. असं साहित्य मराठी विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथालयात शोधावं, खुशाल वाटावं. मात्र नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा आणि चित्रं यांचे हक्क वेगळे असू शकतात, अनुवादाचे तर असतातच. ई-साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या संमतीनं मोफत पुस्तकं देतं, तीही वाटायला हरकत नाही.

हयात लेखकाच्या नव्या पुस्तकाचं स्कॅन मात्र नाहीच. मराठीत आवृत्ती बऱ्याचदा हजार प्रतींची किंवा त्याहून लहान असते. दोनशे जणांच्या ग्रुपवर एक फाइल फिरली आणि पुढे ढकलली गेली तर त्या आवृत्तीचं काय होईल, हिशेब सोपा आहे. शिवाय स्कॅन म्हणजे पानांचे फोटो. मोबाइलवर अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीला बोट डावीकडे-उजवीकडे न्यावं लागतं.

तालुक्याच्या गावासाठी त्याहून बरी सोय म्हणजे ग्रुपमधल्यांची स्वतःची पुस्तकं फिरवणं. टपाल खात्यानं १ मे २०२५पासून पुस्तकं पाठवण्यासाठी ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केलंय : तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोपर्यंत शंभर, कर वेगळा. जमिनीवरून जातं म्हणून वेळ लागतो, पण पार्सल कुठे पोचलं ते ऑनलाइन कळतं. पाठवताना पहिल्या पानावर पेन्सिलीनं मालकाचं नाव, परतीची तारीख दीड महिन्यानंतरची आणि जाण्याचा खर्च मागणाऱ्याचा, परतीचाही त्याचाच. हे आधी बोललं नाही तर वीस रुपयांवरून मैत्री तुटते. पत्ता ग्रुपवर टाकू नये, वैयक्तिक मेसेजमध्ये द्यावा.

शुभ सकाळच्या फुलांविषयी तुम्ही एवढे का चिडलात ते कळलं नाही. ती पुसायला मी सांगितलं होतं आणि अजूनही सांगेन.

राहिलं आव्हान. घ्या :

पानखूण : बनगरवाडी, व्यंकटेश माडगूळकर. कादंबरी, १९५५. आवृत्तीप्रमाणे पानं कमी-जास्त, पण दीडशेच्या आसपासच.

कशाबद्दल : माणदेशातल्या धनगरांच्या वस्तीत एकशिक्षकी शाळेवर नेमणूक झालेला कोवळा मास्तर, त्याला पारखणारा कारभारी, मेंढरं आणि पावसाची वाट. गाव मिळून तालीम बांधतं तो भाग रमत गमत वाचावा.

कोणासाठी : गाव बघायचंय पण गावाविषयीचं भाषण ऐकायचं नाही, अशांसाठी. शाळेत शिकवणाऱ्यांसाठी तर खासच.

कोणाला जमणार नाही : घट्ट कथानक हवं असणाऱ्यांना. इथे माणसं एकेक करून येतात आणि प्रसंग ढगांसारखे सरकतात. बोली आहे, पण अडत नाही.

कुठे मिळेल : छापील आवृत्ती सहज मिळते, जुन्या सार्वजनिक वाचनालयांत हमखास. लेखकाचे हक्क चालू आहेत, म्हणून स्कॅन नको. अमोल पालेकरांचा १९९५चा सिनेमा पाहिलेल्यांनीही वाचावी, आधी पुस्तक असेल तर उत्तम.

वाचली का : पूर्ण. शेवट इथे लिहिलेला नाही.