‘अपमान’ म्हणजे तोंड, म्हणून कारुक संस्कृतातून आली?

‘अमेरिकेतल्या आदिवासींच्या भाषा संस्कृतातूनच निघाल्या, शब्द ताडून बघा’ असा मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. ताडून बघूच. भाषा घेऊ कारुक, उत्तर कॅलिफोर्नियातल्या क्लॅमथ नदीकाठची. शब्द घेऊ शरीराचे. हात, पाय, डोळे यांची नावं भाषा सहसा उसनी घेत नाही. नातं असेल तर ते इथे दिसायलाच हवं.

कारुकमध्ये तोंडाला म्हणतात अपमान आणि डोळ्याला यूप. दोन्ही उच्चार संस्कृतातही आहेत, पण तिथे यूप म्हणजे यज्ञातला खांब. नाद जुळला, अर्थ नाही. ‘अपमान तोंडानेच होतो ना’ अशी ओढाताण चालवून घेतली, तर कुठल्याही दोन भाषांचं नातं लावता येईल. उलट पावलाला कारुकमध्ये फिथिह आणि इंग्रजीत फूट. इथे पहिला आवाजही जुळतो आणि अर्थही. तरी कारुक इंग्रजीची बहीण ठरत नाही. संस्कृत पाद आणि इंग्रजी फूट यांचं नातं खरं, कारण तिथे ‘प’चा ‘फ’ नेमाने होतो: पितृ-फादर, पञ्च-फाइव्ह. कारुकशी अशी एकही रांग लागत नाही. हाताला तीक, डोक्याला अख्वाह. हस्त आणि शिर यांच्याशी यांचं काय जुळतं?

‘कारुक म्हणजे आपले कारू-नारूतले कारू, म्हणजे बलुतेदार’ असंही कुणी जोडू नये. कारुक म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला. खालच्या अंगाला युरुक. शेजारच्या युरोक लोकांचं नाव त्यावरूनच पडलं. एका नदीवर राहूनही या दोघांच्या भाषा एका कुळातल्या नाहीत.

‘या भाषा तोकड्या, हाताला आणि बोटाला एकच शब्द’ हा आक्षेप मला सर्वांत जास्त खटकतो. तीक दोन्हींना चालतो, हे खरं. आपणही खांद्यापासून पंज्यापर्यंत सगळ्याला हातच म्हणतो. आणि ‘पाय दुखतो’ म्हटलं की मांडी, पोटरी की पाऊल, हे विचारावं लागतं. कारुकमध्ये पाय अप्सीह आणि पाऊल फिथिह, वेगवेगळे.

राहिलं ‘कुणी नीट अभ्यासच केला नाही’. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम ब्राइट यांचं कारुकचं व्याकरण १९५७ मध्ये आलं. पुढच्याच वर्षी त्यांचं बोली कन्नडवरचं पुस्तक पुण्याच्या डेक्कन कॉलेजने छापलं. भारतातल्या आणि कारुकांच्या, दोन्हीकडच्या भाषा ते जवळून ओळखत होते. कारुक लोकांनी त्यांना आपल्या भाषेत नाव दिलं, त्याचा अर्थ ‘शब्द विचारणारा छोटा’. त्यांनी शब्द त्या लोकांनाच विचारले होते.