रक्ताच्या अटी लागू

व्हॅम्पायर मंडळींची खरी अडचण ऊन नाही, लसूण तर नाहीच. कोणाचा कोणावर विश्वास नसतो, ही खरी अडचण. शेकडो वर्षं जगायचं, तेही त्याच त्या तोंडांसोबत; त्यात कोणी कोणाला काय कबूल केलं होतं हे ठरवायचं कसं? १९९१ साली अमेरिकेत निघालेल्या 'व्हॅम्पायर: द मास्करेड' या खेळाने या प्रश्नाचा फार खोलवर विचार केला आहे. त्याचा त्रास पुण्यात मला होतो.

खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत. दहा बाजूंचे फासे, प्रत्येकापुढे आपल्या व्हॅम्पायरची कुंडली मांडलेला एक कागद, आणि बाकी सगळं तोंडाने. एक जण सूत्रधार होतो. शहर तो चालवतो, पाऊस तो पाडतो, पोलीस तो पाठवतो. आमच्याकडे हे काम मी करतो, कारण पुस्तक माझं आहे आणि हॉलही माझाच आहे. आमचा खेळ घडतो १९९२ सालच्या शिकागोत. खेळणारे चौघे: एक वकील मैत्रीण, एक सीए, एक मालवणचा मित्र आणि एक सॉफ्टवेअरवाली. वकील मैत्रीण व्हेंट्रू कुळातली, म्हणजे खानदानी, पैसेवाली, सूट घालणारी. मालवणकर नॉस्फेरातू, म्हणजे दिसायला भयंकर आणि राहायला जमिनीखाली. सीए ट्रेमीर, म्हणजे रक्ताची जादू जाणणारा. सॉफ्टवेअरवाली मॅल्केव्हियन. या कुळातला प्रत्येक जण वेडा असतो, तो नियमच आहे.

आता विश्वासाचं. या जगात एकाच व्हॅम्पायरचं रक्त तीन वेगवेगळ्या रात्री प्यायलं की पिणारा त्याचा कायमचा दास होतो, आणि वर त्याला ते प्रेम वाटतं. त्यामुळे कोणी कोणाकडे काही घेत नाही. उपकारांची उधारी चालते, पण तिचा हिशेब हार्पी नावाच्या दरबारी मंडळींकडे, म्हणजे गावभर. राहता राहिला रक्तकरार. ट्रेमीरांच्या पाचव्या पायरीचा हा विधी. करणाऱ्याने स्वतःच्या रक्ताने करार लिहायचा, दोन्ही पक्षांनी आपापल्या रक्ताने सह्या करायच्या, विधीला तीन रात्री लागतात. त्यानंतर शब्द मोडताच येत नाही. सुटका दोनच मार्गांनी: करार पुरा करा किंवा कागद जाळा. 'हा कागद जाळू नये' असं कलम कोणी हुशारीने घातलं, तर विधी पुरा होताक्षणी कागद आपोआप पेट घेतो. ज्याने हा नियम लिहिला, त्याची आयुष्यात कधीतरी एखाद्या वकिलाशी गाठ पडली असणार.

व्यवहार अगदी साधा होता. शिकागोच्या व्यापारी पेठेखाली मालवाहतुकीचे जुने बोगदे आहेत, सुमारे साठ मैलांचे. एके काळी त्यांतून विजेच्या छोट्या गाड्या कोळसा, राख आणि टपाल वाहायच्या. नॉस्फेरातूने व्हेंट्रूची दर रात्री या बोगद्यांतून गुपचूप ने-आण करायची. बदल्यात व्हेंट्रूने त्याला आपल्या हद्दीत शिकार करू द्यायची. दोन वाक्यांचं काम. 'व्याख्या' हे पहिलंच कलम लिहून होईपर्यंत माझ्याकडचे पोहे संपले.

"'रात्र' म्हणजे काय?" वकील मैत्रीण म्हणाली. "सूर्यास्त कुठला धरायचा? पंचांगातला की प्रत्यक्ष?"

"'गुपचूप'ची व्याख्या कर आधी," सीए म्हणाला. त्याचं स्वतःचं रक्त शाई म्हणून खर्च होणार होतं. त्यावर जीएसटी कोण भरणार, हे त्याने निम्मंच गमतीत विचारलं.

साक्षीदार म्हणून मॅल्केव्हियनने सही करायची ठरली, तर वकील मैत्रिणीने भारतीय करार कायदा, १८७२ काढला. कलम १२: करार करणारा सुबुद्ध असला पाहिजे. साक्षीदाराला हे लागू होत नाही, असं म्हणायचं माझ्या जिभेवर आलं होतं, पण तोवर सॉफ्टवेअरवालीने मोबाईलवर तेच कलम उघडलं होतं. एरवी वेडा असलेला माणूस मधूनमधून शुद्धीवर येत असेल, तर त्या वेळात त्याला करार करता येतो, असं त्यात खरोखरच लिहिलं आहे. मग सहीच्या क्षणी बाई शुद्धीवर आहेत की नाहीत यासाठी मला फासे टाकावे लागले. आल्या शुद्धीवर. शिकागोला भारतीय कायदा कसा लागू होतो, असं मी विचारलं, तर मला आमच्या रक्तकराराचं कलम १४ दाखवण्यात आलं: वाद उद्भवल्यास न्यायक्षेत्र पुणे राहील.

मालवणकर या सगळ्यात एकदाच बोलला. त्याच्या मते लिखापढी हा घाटावरचा रोग. सह्या झाल्यावर तो उठून उभा राहिला आणि त्याने खणखणीत गाऱ्हाणं घातलं. "बा शिकागोच्या राखणदारा म्हाराजा! आज ही दोन मेलेली लेकरां तुझ्या पायाकडे इली आसत..." आम्ही सगळे ओरडलो, "व्हय म्हाराजा!" खालच्या मजल्यावरचे काका वर आले. साहजिकच आहे, रात्रीचे साडेबारा वाजले होते.

आणि मग मी इतिहास आणला. १३ एप्रिल १९९२ रोजी शिकागोत खरोखरच काय झालं, तर किन्झी स्ट्रीटच्या पुलाजवळ नदीत ठोकलेल्या खांबांमुळे या बोगद्याला तडा गेला आणि नदी आत शिरली. पेठेतली तळघरं बुडाली, वीज बंद करावी लागली, कचेऱ्या रिकाम्या झाल्या. भोक बुजवायला दगडांबरोबर चक्क गाद्या टाकून पाहिल्या. इतका आयता प्रसंग कोणता सूत्रधार सोडेल?

"करार कायदा, कलम ५६!" सीए आनंदाने म्हणाला. "करार पाळणं अशक्य झालं, करार रद्द."

वकील मैत्रिणीने चहाचा घोट घेतला. "व्हॅम्पायर श्वास घेत नाही. सबब तो बुडू शकत नाही. सबब पाणी हा अडथळा नाही. उद्या सूर्यास्तानंतर मला न्यायला यायचं."

म्हणजे मालवणकराने दर रात्री, रेशमी सूट घातलेल्या बाईला, गाद्या तरंगत असलेल्या गढूळ पाण्यातून, ओंडके ओढावेत तसं ओढत न्यायचं. त्याने साफ नकार दिला. आणि इथे माझी पंचाईत झाली. पुस्तक सांगतं की करार सूत्रधाराने वाटेल त्या मार्गाने पाळून घ्यावा; प्रसंगी राक्षस प्रकट झाल्याचीही उदाहरणं आहेत. मी आवाज घोगरा करून राक्षस प्रकट केला. वकील मैत्रिणीने त्याच्याकडे अधिकारपत्र मागितलं. त्याची नेमणूक नेमकी कोणत्या कलमाखाली झाली हे राक्षसाला सांगता येईना, म्हणून त्याला बाजूला बसायला सांगण्यात आलं. तो मीच असल्यामुळे मी बाजूला बसलो.

आता उरलं कागद जाळणं. व्हॅम्पायर आगीला इतके भितात की सिगारेट पेटवायची तरी धैर्याचा फासा टाकावा लागतो. तरी मालवणकराने काडी हातात घेतली, फासा टाकला, जिंकला.

"कागद कुठाय?" मी विचारलं.

शांतता. करार सुरक्षित राहावा म्हणून त्यातल्याच कलम ९ प्रमाणे तो नॉस्फेरातूच्या ताब्यात होता. नॉस्फेरातू बोगद्यात राहतो. कागद दोन पुरुष खोल पाण्याखाली होता.

"भिजलेला असला तरी बंधनकारक आहे," वकील मैत्रीण म्हणाली. "शाई रक्ताची आहे, पसरत नाही."

"वाळवू," सीए म्हणाला. "हेअर ड्रायरने. पण व्हेंट्रू मध्ये आडवी येणार नाही, याची लेखी हमी हवी मला."

"हमी देते. रक्ताने. तीन रात्री लागतील."

"तोवर मला कोण ओढणार पाण्यातून?" ती पुढे म्हणाली. मालवणकराने काडी विझवली, नवीन कोरा कागद पुढे ओढला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "अरे, त्या राक्षसाक इचार, पोहे आसत काय अजून?"