कलाकार वर्गात कशाला? एका आईच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

विशेष शाळांमध्ये नाशिकचे कलाकार, कारागीर यायला हवेत, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं : कलाकार येतात, फोटो निघतात, आणि नंतर मुलाची विस्कटलेली घडी आई-बाप बसवत राहतात, तोच पैसा स्पीच थेरपीला द्या. तुमचा मुलगा स्वमग्न आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फोटोंच्या कार्यक्रमांवरचा तुमचा राग रास्तच आहे. ३ डिसेंबरला, दिव्यांग दिन म्हणून ढोल वाजवत वर्गात शिरायचं, हा आवाज सोसत नसलेल्या मुलावर अन्याय आहे. (तोच ढोल कर्णबधिर मुलांसमोर ठेवा, पानावर तळहात टेकवून ती ताल पकडतात.) मी म्हणते ते असं : एकच कलाकार, ठरलेला वार, ठरलेली वेळ, निदान एक सत्रभर. त्याचा फोटो आधीपासून मुलांच्या चित्रांच्या वेळापत्रकावर लावलेला. आणि विशेष शिक्षिका पूर्ण वेळ वर्गात, कारण मूल कधी थकलं हे तिलाच कळतं.

ओली माती हाताला लागली की काही मुलं किंचाळतात. आमच्याकडे येणारे कुंभारकाका सुरुवातीला नुसतं चाक फिरवत बसले. मुलं लांबून बघायची. मग त्यांनी कोरडी माती चाळायला दिली, मग घट्ट मळलेला गोळा. पाणी सगळ्यात शेवटी. एक मुलगा मातीला बोट लावेना, लाकडी पट्टीनंच टोकरत राही. बाईंना ती टाळाटाळ वाटत होती. काकांनी चाकावरच्या भांड्याला तशीच पट्टी लावून काठ सारखा करून दाखवला. मुलाच्या हातात कारागिराचं हत्यार आहे, हे कारागिरालाच दिसलं. मुलाची फाइल न वाचलेला, पण आपलं काम मुरलेला माणूस मला वर्गात हवा आहे तो यासाठी.

येवल्याच्या विणकराचंही तसंच. छोट्या मागावर धोटा या हातातून त्या हातात जातो, तेव्हा दोन्ही हातांचा मेळ बसवावाच लागतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट मणी ओवून घेतात तेही त्याचसाठी. इथे मात्र शेवटी कापड तयार होतं आणि ते मुलाचं असतं.

राहिला पैसा. थेरपी कापून कलाकार बोलवा, असं मी कधीही म्हणणार नाही. पण थेरपीतून उरलं तर कला, हेही मला मान्य नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधलं कलम २९ सांस्कृतिक जीवनातला सहभाग सरकारची जबाबदारी मानतं. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण स्थानिक कलाकारांना शाळेत शिकवायला नेमा, असं सांगतं. मग विशेष शाळा त्यातून का वगळायच्या? कारागिराला मानधनही मिळालंच पाहिजे, सेवाभाव म्हणून फुकट राबवणं मला पटत नाही.

तुमच्या शाळेत पुन्हा असं काही ठरलं, तर आधी विचारा : हा माणूस पुढच्या आठवड्यातही येणार आहे का? नाही म्हणाले, तर त्या दिवशी मुलाला खुशाल घरी ठेवा.