काकांची कॅप्सूल आणि छातीतलं दुखणं

नमस्कार. व्हिटॅमिन ईने हृदयविकार बरा होत नाही, या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप दोन. रोज व्हिटॅमिन ईची एक कॅप्सूल घेऊन तुमच्या काकांचं जिना चढताना छातीत दुखणं तीन महिन्यांत थांबलं, हा एक. स्वस्त गोळीत पैसा नाही म्हणून ती कुणी तपासलीच नाही आणि मी त्याच लोकांची री ओढतो, हा दुसरा.

दुसरा आधी घेतो, कारण तो सरळ चूक आहे. कॅनडातले डॉक्टर शूट बंधू 1946 पासून छातीठोकपणे (शब्द आपोआपच आला!) सांगत होते की व्हिटॅमिन ईने अंजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने छातीत होणारं दुखणं, बरा होतो. त्यांचे रुग्णही खूश होते. पण इतरांनी अर्ध्या रुग्णांना नुसती दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी देऊन पाहिलं, तेव्हा दोन्ही गटांत सांगण्यासारखा फरक दिसेना. 2002 साली ब्रिटनमधल्या एका चाचणीचे निकाल आले. 20,536 माणसांपैकी अर्ध्यांना पाच वर्षं व्हिटॅमिन ई, सी आणि बीटा कॅरोटीन (ज्यापासून शरीर व्हिटॅमिन ए बनवतं) दिलं. हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत, मृत्यूही नाहीत. याला न तपासणं म्हणायचं?

एक मात्र मान्य. केंब्रिजच्या 1996 च्या चाचणीबद्दल मी लेखात लिहायला हवं होतं. तिथे 2,002 हृदयरुग्णांत व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांना जिवावर न बेतणारे झटके 77 टक्क्यांनी कमी आले. मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. पुढे 2000 साली साडेनऊ हजार लोकांवरच्या चाचणीत तो फायदाही दिसला नाही.

आता काका. ते खोटं बोलतात असं मी म्हणतच नाही. अंजायना आपणहून कमीजास्त होतो, आणि उपचार चालू आहे या भरवशावरही दुखणं कमी होतं. एकेकाळी त्यावर छातीतली एक धमनी बांधायचं ऑपरेशन करत. 1959 साली अमेरिकेत 17 रुग्णांवर ते तपासलं. आठ जणांची धमनी खरंच बांधली, नऊ जणांना फक्त कातडीवर छेद दिला. बरंच बरं वाटतं म्हणणारे आठात पाच, आणि नऊतही पाच! ते ऑपरेशन मग मागे पडलं.

कॅप्सुलीवरून मी काकांशी भांडणार नाही. पण रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ही कॅप्सूल डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि एक विचारतो: दुखणं थांबलं म्हणून त्यांनी आधीच्या गोळ्या बंद तर केल्या नाहीत ना?