राउटर एक, नावे दोन

नवा राउटर बसवायला आलेल्या मुलाने जाताना मोबाइलवर वायफायची दोन नावे दाखवली. एक आमचे आडनाव आणि दुसरे त्याच आडनावाला 'फाइव्ह जी' चिकटवलेले. "काका, स्पीड हवा तर हे, रेंज हवी तर ते," एवढे सांगून तो जिना उतरला आणि डोंबिवलीतल्या आमच्या सुखी संसारात प्रश्न उभा राहिला.

हे 'फाइव्ह जी' मोबाइलवाले नसून 5 गिगाहर्ट्झची वारंवारता आहे, हे मला तिसऱ्या दिवशी कळले. तोवर सोसायटीत मिरवून झाले होते. ते वेगवान आहे हे खरे, परंतु वारंवारता जितकी जास्त तितक्या भिंती तिला जड जातात. आमचा राउटर हॉलमध्ये आणि माझे टेबल आतल्या खोलीत. मध्ये नऊ इंची भिंत आणि तिला पाठ लावून उभे असलेले, सासऱ्यांनी लग्नात दिलेले लोखंडी कपाट. भिंत ओलांडून जे काही जेमतेम पुढे येई, ते कपाट गिळून टाके. सासऱ्यांविषयी बोलण्याची ही जागा नव्हे.

म्हणून नुसत्या आडनावाचे, 2.4 गिगाहर्ट्झवाले घेतले. ते थेट न्हाणीघरापर्यंत पोचते, पण शेजाऱ्यांचेही आमच्याकडे पोचते. मोबाइलवर मोजली तर 23 नावे निघाली, आणि या पट्ट्यात एकमेकांना धक्का न लावता बसतील असे चॅनेल, म्हणजे पट्ट्याचे कप्पे, तीनच : 1, 6 आणि 11. बाकीच्यांनी लोकलमधल्या चौथ्या सीटसारखे अर्धे टेकायचे.

त्यातच आमचा मायक्रोवेव्हही 2.45 गिगाहर्ट्झवर चालतो. दुपारी एकच्या मीटिंगमध्ये मी आकडे सांगू लागलो, की आत भाजी गरम होऊ लागे आणि पडद्यावर मी आ वासून थिजे.

"भाजी गॅसवर गरम करशील का?" मी नम्रपणे विचारले.

"त्यापेक्षा मीटिंगच पुढे ढकला की," सौभाग्यवती म्हणाल्या.

अखेर मी 5 गिगाहर्ट्झ पत्करून लॅपटॉपसह हॉलमध्ये, राउटरच्या पायाशी येऊन बसलो. आता चित्र स्वच्छ दिसते आणि आवाज खणखणीत जातो. माझा जातो तसाच शेजारी चालू असलेल्या आईच्या मालिकेचाही जातो. परवा मीटिंग संपताना साहेबांनी मला एकट्यालाच थांबवून घेतले आणि आवाज खाली आणून विचारले, "त्या धाकट्या सुनेला शेवटी घरात घेतलं का हो?"