प्लेटलेटची गोळी आणि पेलाभर दूध

पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण वाढू लागले की व्हॉट्सअ‍ॅपवर एक निरोप पुन्हा फिरू लागतो. प्लेटलेट कशामुळेही कमी झाल्या असोत, एल्ट्रोम्बोपॅगची गोळी रोज रात्री पेलाभर दुधासोबत घ्यावी, आकडा दीड लाखावर गेला की बंद करावी आणि तिच्यापासून काहीही अपाय नाही, असे त्यात सांगितलेले असते. यातला एकही सल्ला पाळण्याजोगा नाही.

सर्वांत आधी दुधाविषयी, कारण ही चूक सर्वांत साधी वाटते. हे औषध पोटात कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, अ‍ॅल्युमिनियम, जस्त अशा धातूंशी बांधले जाते आणि मग त्याचा बराचसा भाग रक्तात शोषलाच जात नाही. म्हणून दूध-दही घेण्यापूर्वी किमान २ तास किंवा घेतल्यानंतर किमान ४ तास, असे अंतर ठेवून गोळी घ्यायची असते. माझ्या आत्याला आयटीपी आहे, म्हणजे तिची स्वतःची प्रतिकारशक्तीच प्लेटलेट नष्ट करते. रात्री आठला जेवणात ताक आणि दहाला गोळी, असा तिचा क्रम होता आणि आकडा काही केल्या हलत नव्हता. डॉक्टरांनी डोस वाढवण्याआधी जेवणाच्या वेळा विचारल्या, म्हणून हे लक्षात आले. आता ती सकाळी सहाला उपाशीपोटी गोळी घेते आणि दुधाचा चहा आठनंतर. नाचणीची भाकरी, आम्लपित्ताचे पातळ औषध, कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्या यांनाही हेच अंतर लागू आहे.

आता डेंग्यू. अमेरिकेत २००८ मध्ये या औषधाला पहिली मान्यता मिळाली ती दीर्घकालीन आयटीपीसाठी. त्याचा परिणाम दिसायला साधारण १ ते २ आठवडे लागतात आणि तोवर डेंग्यूच्या बहुतेक रुग्णांच्या प्लेटलेट आपोआप वर आलेल्या असतात. डेंग्यूत खरा धोका रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरण्याचा असतो, त्यामुळे ताप उतरताना पोटात तीव्र दुखणे, वारंवार उलट्या, रक्तस्राव किंवा अस्वस्थता दिसली तर गोळी शोधत न बसता रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे.

दीड लाखाचा हट्टही चुकीचा आहे. आयटीपीत उद्देश रक्तस्राव टाळण्याचा असतो आणि त्यासाठी सहसा ५० हजारांच्या वर आकडा राहिला तरी पुरते. तो वाजवीपेक्षा वाढला तर रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती असते. अपाय नाही म्हणावे, तर या औषधाने यकृताला इजा होऊ शकते, म्हणूनच डोस ठरेपर्यंत दर २ आठवड्यांनी आणि पुढे दरमहा यकृताची तपासणी करावी लागते. मोतीबिंदूवरही लक्ष ठेवावे लागते.

आणि गोळी मनाने बंद करणे तर फारच धोक्याचे, कारण ती थांबवल्यावर प्लेटलेट पूर्वीपेक्षाही खाली जाऊन रक्तस्राव होऊ शकतो. डॉक्टर ती थांबवतात तेव्हाही पुढचे किमान ४ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायला सांगतात.